आभाळाला टप्पा मारून येणारा आवाज

जानेवारीत पुतणी चार दिवस राहायला आली होती. रात्रीचे आठ वाजून गेले होते, सांगलीतल्या आमच्या गच्चीवर गार वारं सुटलं होतं. कपडे वाळत घालायच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत मी तांब्याची दहा-बारा मीटर तार ताणली होती आणि तिचं टोक हातातल्या छोट्या रेडिओच्या एरियलला चिमट्यानं अडकवलं होतं. शॉर्टवेव्हच्या ४१ मीटरच्या पट्ट्यात हळूहळू पुढं जाताना एका ठिकाणी खरखर बाजूला झाली आणि एक बाई स्वच्छ हिंदीत बातम्या सांगू लागली. चायना रेडिओ इंटरनॅशनल.

पुतणीनं आधी रेडिओ उलटापालटा करून पाहिला. सिम कुठं घालतात ते शोधत होती. मग म्हणाली, "काका, नेट नाही, केबल नाही. मग चीनमधनं इथंपर्यंत हे येतंय कशातनं?"

तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर मला स्वतःला चाळिशी ओलांडल्यावर नीट समजलं. लहानपणी फक्त आवाज माहीत होता. गावभागातल्या घरी तात्यांचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. चालू केला की गरम व्हायला अर्धा-पाऊण मिनिट लागायचं. काचेच्या पट्टीमागं पिवळा दिवा लागायचा आणि त्या पट्टीवर गावांची नावं छापलेली असायची: लंडन, कोलंबो, मॉस्को, पॅरिस. भिंतीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तांब्याच्या जाळीची एरियल टांगलेली. तात्या बटण फिरवायचे तेव्हा आतली दोरी सरकायची, सुई केसभर पुढं जायची आणि वरचा हिरवा डोळा बारीक होत होत मिटायचा. डोळा मिटला की स्टेशन लागलं. कधी कधी श्वास रोखून बटण फिरवावं लागे. केसभर जास्त फिरलं की लंडन जाऊन तिथं भलतीच शिट्टी यायची.

रेडिओच्या लहरी प्रकाशाच्या वेगानं जातात, म्हणजे सेकंदाला साधारण तीन लाख किलोमीटर. एका सेकंदात किती लहरी निघतात, ती झाली फ्रीक्वेन्सी. एक लहर किती लांब, ती झाली तरंगलांबी. जुन्या रेडिओवर मीटर लिहिलेले असतात, नव्यांवर किलोहर्ट्झ किंवा मेगाहर्ट्झ. दोन्हींचं नातं तोंडी हिशेबाचं आहे. ३०० ला मीटरनं भागा, मेगाहर्ट्झ येतात. ३० मीटर म्हणजे १० मेगाहर्ट्झ. शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ, १०० मीटर ते १० मीटर.

हा हिशेब करून पाहण्यासारखं एक उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेल्यावर मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्यांची घोषणा असायची की हा काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवरून, भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून बोलतो आहे. ३०० ला ४२.३४ नं भागा. ७.०९ मेगाहर्ट्झ, सरळ शॉर्टवेव्ह. पोलीस माग काढत होते म्हणून जागा बदलत बदलत हे प्रक्षेपण चाललं आणि नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेले. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं ते या लहरींवरून बोललं गेलं, आष्टी-चिमूरच्या अत्याचारांसकट. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे वडूज आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळ्या चालल्या होत्या. ४१ मीटरच्या आसपास सुई नेली की मला दर वेळी ते ४२.३४ आठवतं.

आता मुख्य गोष्ट. पृथ्वी गोल आहे आणि रेडिओ लहर सरळ जाते. म्हणून एफएम आणि टीव्हीचे मनोरे उंचावर लागतात. साताऱ्यात टीव्हीचा मनोरा अजिंक्यताऱ्यावर आहे तो त्यासाठीच. गडावरून जिथवर नजर जाते, साधारण तिथवर ती लहर जाते. डोंगर आडवा आला की संपली. मीडियम वेव्हचं जरा वेगळं. आकाशवाणी सांगलीची मीडियम वेव्ह दिवसा जमिनीला धरून सरपटत जाते, म्हणून ती शेतातल्या बांधावरही लागते. पण तीसुद्धा जमिनीत मुरत मुरत काही अंतरावर विरते.

शॉर्टवेव्ह वर जाते आणि परत येते. जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर हवा फार विरळ असते आणि तिच्यावर सूर्याचे अतिनील व क्ष-किरण पडत असतात. ते अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या या प्रदेशाला आयनोस्फिअर म्हणतात. लहर त्यात शिरली की इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात आणि तिची वाट वाकवतात. वाकत वाकत ती खाली वळते. आरशावर आपटून उडते असं चित्र बरेच जण काढतात, पण प्रत्यक्षात ती आतल्या आत वळते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबवर पाणी दिसतं ना, तिथं प्रकाश जसा तापलेल्या हवेत वाकतो, तसंच.

कृष्णेच्या घाटावर चपटा दगड पाण्यावर मारून पाहिलेला कुणीही पुढचं लगेच समजेल. दगड उभा टाकला तर डुबुक करून बुडतो. आडवा, पाण्याला जवळजवळ समांतर मारला तर टप्पे घेत पलीकडे जातो. आपलं चित्र फक्त उलटं करायचं, पाणी वर आणि आपण खाली. लहर सरळ डोक्यावर सोडली आणि तिची फ्रीक्वेन्सी पुरेशी जास्त असली, तर ती थर भेदून अवकाशात निघून जाते. तिरपी सोडली तर वळून खाली येते. खाली जमिनीला किंवा समुद्राला लागून पुन्हा वर, पुन्हा खाली. एका टप्प्यात जास्तीत जास्त साधारण चार हजार किलोमीटर जाता येतं. कोलंबो सांगलीपासून सरळ रेषेत साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका टप्प्याचं गाव. लंडन सात हजारांहून लांब, तिथून यायला निदान दोन टप्पे लागतात. आणि त्या रात्री पुतणीनं ऐकलेली बाई? चीनचे दक्षिण आशियासाठीचे बरेच कार्यक्रम त्यांच्या पश्चिम टोकाला असलेल्या काश्गरहून सुटतात. सांगलीपासून ते अडीच हजार किलोमीटर, मध्ये अख्खा हिमालय. लहरीला हिमालयाचं काही देणंघेणं नाही. ती त्याच्या कित्येक पट उंचीवरून येते.

दगडाच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दोन टप्प्यांच्या मधलं पाणी हलत नाही. तसंच स्टेशनच्या जवळचा जमिनीवरचा आवाज जिथं संपतो आणि आकाशातून पहिला टप्पा जिथं पडतो, त्यांच्या मधल्या पट्ट्यात स्टेशन ऐकूच येत नाही. बंगळुरूला आकाशवाणीनं ५०० किलोवॅटचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभारले. तिथून युरोपच्या रोखानं सोडलेली लहर आपल्या डोक्यावरून जाते आणि हजारो किलोमीटरवर उतरते. जवळचं लागत नाही आणि लांबचं खणखणीत लागतं, यात रेडिओचा काही दोष नसतो.

हे माणसाला टप्प्याटप्प्यानंच कळलं. मार्कोनीनं १२ डिसेंबर १९०१ ला अटलांटिक ओलांडून संदेश मिळवला, तेव्हा लहर पृथ्वीच्या गोलाईवरून कशी वळली हे त्यालाही सांगता येत नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेव्हिसाइड यांनी वर विजेचा थर असावा असा अंदाज मांडला. १९२४ मध्ये ॲपल्टननं बीबीसीच्या ट्रान्समीटरच्या मदतीनं तो थर खरोखर आहे हे दाखवलं, त्याची उंची काढली आणि १९४७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे कोलकात्यात शिशिर कुमार मित्र यांनी याच थरांवर आयुष्यभर काम केलं. ज्या लॉर्ड आयर्विनचं नाव आपल्या कृष्णेवरच्या पुलाला आहे, त्या व्हाइसरॉयच्याच कारकिर्दीत, १९२७ मध्ये, खडकी आणि दौंडला शॉर्टवेव्हची बिनतारी केंद्रं सुरू झाली आणि इंग्लंडशी तारेविना संदेश जाऊ-येऊ लागले. साताऱ्याहून पुण्याला जाताना मला ते आठवतं, आता तिथं पाहायला काही नसलं तरी.

मग रात्रीच जास्त का लागतं? आयनोस्फिअर हा एकच पत्रा नसून त्यात थर आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. सगळ्यात खालच्या, ६० ते ९० किलोमीटरच्या थराला डी म्हणतात. तिथं हवा त्यातल्या त्यात दाट असते. इलेक्ट्रॉन लहरीबरोबर डोलायला लागतात, पण लगेच शेजारच्या अणूंना धडकतात आणि लहरीची ताकद उष्णतेत जिरते. फ्रीक्वेन्सी जितकी कमी तितकं हे जिरणं जास्त. म्हणून दुपारी ४९ किंवा ४१ मीटरवर लांबचं काही लागत नाही. सूर्य मावळला की डी थर काही मिनिटांत विरतो. वर, दोनशे ते चारशे किलोमीटरवर, एफ थर असतो. तिथं हवा इतकी विरळ की सुटे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना भेटायला वेळ लागतो, म्हणून तो रात्रभर टिकतो, फक्त हळूहळू पातळ होत जातो. पातळ थराला जास्त फ्रीक्वेन्सीची लहर वळवता येत नाही, ती निघून जाते. त्यामुळे व्यवहाराचा नियम असा पडतो: दिवसा १९, १६, १३ मीटर, संध्याकाळी ३१ आणि २५, रात्र चढली की ४१ आणि ४९. तात्यांना थरांची नावं माहीत नव्हती, पण दिवेलागणीनंतर सुई कुठल्या बाजूला न्यायची हे त्यांच्या बोटांना माहीत होतं.

सूर्याचा ताबा रोजच्यापुरता नाही. साधारण अकरा वर्षांनी सूर्यावरचे डाग वाढतात आणि कमी होतात. डाग जास्त असताना वरचा थर जाड होतो आणि १३ मीटरसारखे पट्टेसुद्धा जागे होतात. २०२४ च्या सुमाराला असा भरतीचा काळ आला. पण सूर्यावर मोठा स्फोट झाला की क्ष-किरणांनी डी थर एकदम दाट होतो आणि पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूची शॉर्टवेव्ह काही मिनिटं ते तास-दीड तास मुकी होते. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा रेडिओ बिघडला समजून मी मागचं झाकण उघडून बसलो होतो.

आवाज लाटांवर येतो, मोठा होतो, विरतो, पुन्हा येतो, त्याचंही कारण आहे. एकच लहर दोन-तीन वाटांनी पोहोचते. कुणी एका टप्प्यात, कुणी दोन टप्प्यांत, कुणी थोड्या वरून वळून. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानात तंबोरा जुळवताना कधी उभे राहिलात तर ऐका. दोन तारा अगदी जवळ आल्या आहेत पण अजून मिळाल्या नाहीत, अशा क्षणी आवाज हेलकावे खातो. थर हलता असल्यामुळं त्या दोन वाटांच्या लहरीही अशाच किंचित बेसूर होतात, कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी पुसून टाकतात. ज्यांनी रेडिओ सिलोन ऐकला आहे त्यांच्या कानात गाणी या हेलकाव्यासकटच बसली आहेत.

सिलोनचं नाव निघालंच तर तेही सांगतो, कारण एका देशाचं स्टेशन दुसऱ्या देशाच्या घराघरात कसं शिरतं याचं त्याहून चांगलं उदाहरण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला लष्करासाठी कोलंबोजवळ १०० किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभा राहिला होता, तो पुढं सिलोनच्या वाट्याला आला. १९५२ मध्ये आपले नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मान देताना सिनेसंगीत जवळजवळ बंद केलं. त्यांचा हेतू खरा होता आणि आकाशवाणीवरच्या शास्त्रीय मैफिली ही त्यांची मोठी देणगी आहे, असं मी मानतो. पण लोकांनी सुई कोलंबोकडे वळवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, दर बुधवारी रात्री आठला. आभाळाच्या टप्प्याला सरहद्द अडवू शकत नव्हती. १९५७ मध्ये विविध भारती आली, त्यामागं हेही एक मोठं कारण होतं.

मोठे देश मात्र गाण्यांसाठी यात उतरले नाहीत. हॉलंडनं १९२७ मध्ये आपल्या वसाहतींकडे आवाज पाठवायला सुरुवात केली, मॉस्कोनं १९२९ मध्ये. १९३१ मध्ये व्हॅटिकनचं केंद्र खुद्द मार्कोनीनं उभारून दिलं. बीबीसीची एम्पायर सर्व्हिस डिसेंबर १९३२ ची, हिंदुस्तानी सेवा मे १९४० ची, व्हॉइस ऑफ अमेरिका फेब्रुवारी १९४२ ची. आकाशवाणीची परदेशासाठीची सेवा १९३९ मध्ये पश्तूपासून सुरू झाली, कारण सरहद्दीपलीकडे जर्मन प्रचार पोहोचत होता. १९४२ मध्ये सुभाषबाबू जर्मनीतून याच लहरींवरून देशाशी बोलले. प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरात आपली बाजू सांगायची होती आणि ऐकणाऱ्यानं हे लक्षात ठेवूनच ऐकावं. रात्री मॉस्को, मग लंडन, मग वॉशिंग्टन, अशी एकाच बातमीची तीन रूपं तात्या ऐकायचे. बातमी कशी घडवतात हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

अशी स्टेशनं चालवणं म्हणजे मोठा पसारा असतो. ताकद १००, २५०, ५०० किलोवॅट. एरियल म्हणजे उंच मनोऱ्यांच्या मध्ये टांगलेला तारांचा अवाढव्य पडदा. त्या तारांना वीज थोडी मागंपुढं देऊन झोत हव्या त्या दिशेला वळवतात, शेतात पाटाचं पाणी दारं मोडून हव्या त्या सरीला सोडतात तसं. शिवाय टप्पे जितके जास्त तितका आवाज झिजतो, म्हणून ऐकणाऱ्यांच्या जवळ रिले केंद्र, म्हणजे तोच कार्यक्रम पुन्हा सोडणारं केंद्र, बांधतात. बीबीसीची सिंगापूर, ओमान, थायलंडमध्ये होती, जर्मनीच्या डॉइचे वेलेचं श्रीलंकेत त्रिंकोमालीला. सूर्य बदलतो तसं वेळापत्रकही वर्षातून दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी.

समोरच्याला हे ऐकू द्यायचं नसेल तर त्याच फ्रीक्वेन्सीवर नुसती गुरगुर सोडतात. सोव्हिएत संघानं अनेक वर्षं हे केलं आणि १९८८ च्या अखेरीला थांबवलं. पण गुरगुर सोडायला बोलण्याइतकाच, कधी जास्त खर्च येतो आणि तरी कुठून तरी आवाज झिरपतो. मला शॉर्टवेव्हचं सगळ्यात मोल वाटतं ते इथं. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये कुणाच्याही मालकीचं काही नसतं. ना तार, ना मनोरा, ना सर्व्हर. कोण ऐकतंय याची कुठंच नोंद होत नाही.

ऑगस्ट २०१९ मधला महापूर आठवा. आमच्याकडे वीज गेली, मग फोन मेले. सेलवरचा ट्रान्झिस्टर तेवढा जिवंत होता. कुठला रस्ता सुरू आहे, बोट कुठं आली आहे, हे शॉर्टवेव्ह सांगत नाही हे कबूल. त्यासाठी गावचंच स्टेशन लागतं. पण आपण जगापासून तुटलो नाही एवढं त्या अंधारात कळत होतं. त्याच ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद होते, तेव्हा बीबीसीनं शॉर्टवेव्हवरच्या हिंदी-उर्दू कार्यक्रमांची वेळ वाढवली. पुढं पाच-सहा महिन्यांतच, ३१ जानेवारी २०२० ला, बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण कायमचं संपलं. त्या रात्री मी जागाच होतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर त्याच बीबीसीला तिकडच्या लोकांसाठी रोज चार तास इंग्रजी शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू करावी लागली. शॉर्टवेव्हवरून स्वित्झर्लंड २००४ मध्ये गेलं, कॅनडा आणि हॉलंड २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलिया जानेवारी २०१७ मध्ये. त्यांनी विजेचं बिल पाहून निर्णय घेतले हे समजतं. पण मनोरे पाडल्यावर अडीनडीला पुन्हा उभे करता येत नाहीत, आणि हे दुःख मी लपवणार नाही.

तरी अजून बरंच ऐकायला आहे. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम, तुर्कस्तान, रोमानिया, व्हॅटिकन. रेडिओ फार भारी लागत नाही, पण त्यावर शॉर्टवेव्हचा पट्टा असायला हवा. खिडकीबाहेर किंवा गच्चीवर दहा मीटर तार टाका. पाऊस-विजा असताना मात्र ती काढून ठेवा. घरातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर हे आजचे खरे शत्रू, सगळी खरखर त्यांची. म्हणून वीज जाते ती वेळ साधा. पेठेतली वीज गेली की आमच्या गच्चीवर पन्नास वर्षांपूर्वीचं आकाश परत येतं.

ऐकलेलं वहीत टिपून ठेवा आणि स्टेशनला कळवा. दिनांक, वेळ, फ्रीक्वेन्सी, कार्यक्रमात काय होतं, आणि पाच आकडे: आवाजाची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, खरखर, हेलकावे आणि एकूण, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सगळं चांगलं असेल तर ५५५५५. स्टेशनकडून ऐकल्याची पावती म्हणून कार्ड येतं. शाळेत असताना मला रेडिओ ऑस्ट्रेलियाचं आलं होतं. त्यावर मी कळवलेली तारीख आणि फ्रीक्वेन्सी टाईप केलेली होती. त्यांच्या प्रसारणात कूकाबुरा पक्ष्याचं हसणं ऐकू यायचं, ते मी पत्रात हौसेनं लिहिलं होतं. पोस्टमननं ते कार्ड तात्यांच्या हातात दिलं आणि तात्यांनी ते आल्यागेल्याला महिनाभर दाखवलं.

पुतणीला हे सांगून होईपर्यंत बातम्या संपून गाणं लागलं होतं. तिनं माझी वही ओढून घेतली आणि नवीन ओळ आखली. वेळेच्या रकान्यात २०.१० लिहिलं.

"खोड ते," मी म्हणालो. "सगळं जग इथं एकच वेळ लिहितं. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा कर."

तिनं बोटांवर मोजून १४.४० लिहिलं. मग ताकदीला चार, त्रासाला चार, खरखरीला तीन. गाणं मध्येच विरलं, पुन्हा वर आलं. पेन उचलून तिनं विचारलं, "काका, तंबोऱ्यावानी होतंय बघा. याचे किती?"

"तूच ऐक आणि तूच ठरव."

तिनं डोळे मिटले, आणखी दोन हेलकावे जाऊ दिले आणि तीन लिहिलं.